वेशीबाहेर घातलेला पुन्हा वेशीत

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. इतवारी-महालच्या अरुंद रस्त्यांतून काळी मारबत आणि पिवळी मारबत वाजतगाजत चालू लागतात, त्यांच्यामागे बडगे येतात आणि रोगराई, संकटे, दुष्टावा घेऊन जा, अशी आरोळी ठोकत सारे शहर त्यांना वेशीबाहेर घालवते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. इंग्रजांना सामील झालेल्या बाकाबाईचा राग लोकांनी काळ्या मारबतीवर काढला, असेही जुने नागपूरकर आवर्जून ऐकवतात. मिरवणूक संपली की पुतळ्यांचे दहन होते. पुढल्या वर्षी त्या पुन्हा निघतात. त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही, कारण पीडा एकदा घालवली म्हणजे कायमची गेली, असा भाबडा समज परंपरेने कधीच बाळगलेला नाही.

याच शहरात दुसरीही एक पाठवणी वर्षभर चालू असते. तिला ढोल नाही की गुलाल नाही. उपायुक्तांच्या सहीचा एक आदेश निघतो, ठाण्यातील दोन शिपाई एका इसमाला गाडीत बसवतात, शहराच्या आणि जिल्ह्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडतात आणि नोंदवहीत तशी नोंद करून परततात. यालाच तडीपारी म्हणतात. तड म्हणजे काठ. काठापलीकडे घालवणे, एवढाच त्या शब्दाचा साधा अर्थ. परंतु ज्या वस्तीतून त्याला नेले, त्या वस्तीला पुढे काय होते ते चांगले ठाऊक असते. वर्धा नागपूरपासून रेल्वेने तासा-सव्वातासाच्या अंतरावर आहे आणि भंडाऱ्याची एसटीही फार वेळ घेत नाही. सकाळी काठापलीकडे गेलेला दादा कित्येकदा रात्री आपल्याच पानठेल्यावर उभा असतो. वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर 'तडीपार गुंडास शहरात अटक' असा चार ओळींचा मजकूर येतो आणि वाचक तो न वाचताच पान उलटतो, इतका तो नित्याचा झाला आहे.

ज्यांच्यामुळे ही बातमी नित्याची झाली, त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. ज्यांना ती रोज सोसावी लागते, त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

तडीपारीचा आजचा आधार म्हणजे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम. त्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. टोळ्यांसाठी कलम ५५, धोकादायक व्यक्तींसाठी कलम ५६ आणि विशिष्ट गुन्ह्यांत आधीच शिक्षा झालेल्यांसाठी कलम ५७ अशी त्याची रचना आहे. कमाल मुदत दोन वर्षांची. आदेश काढण्यापूर्वी आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप संबंधिताला लेखी कळवावे लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, त्याला वकीलही देता येतो. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत शासनाकडे अपील करण्याची सोय आहे. हे सारे कलम ५९ आणि ६० मध्ये स्पष्ट नमूद आहे. तेव्हा ही पोलिसांची बेबंद सत्ता आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

या कायद्याचे मर्म मात्र कलम ५६ मधील एका वाक्यात आहे. स्वतःच्या जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येण्यास तयार नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत होणे, ही कायद्याने तेथे कारवाईची एक अट म्हणून लिहून ठेवली आहे. अन्य फौजदारी कायदे साक्षीदारावर उभे असतात, तर हा कायदा साक्षीदाराच्या भीतीवर उभा आहे. म्हणूनच तडीपारीच्या प्रस्तावात गोपनीय जबाब असतात. किराणा दुकानदार, भाजीवाली, रिक्षाचालक, शिकवणीला जाणाऱ्या मुलीचा बाप अशी माणसे बंद खोलीत जबाब देतात आणि त्यांची नावे आरोपीला कळवली जात नाहीत. आरोपीला तारीखवार तपशील दिला तर जबाब देणारे उघडे पडतील, म्हणून सर्वसाधारण स्वरूपाची माहिती पुरेशी आहे, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात दिला. तो निकाल न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला होता. त्याआधी १९५६ मध्येच न्यायालयाने कलम ५६ आणि ५७ घटनात्मक ठरवली होती.

आता हा दादा आठव्या दिवशी परतला तर काय घडते, याची कल्पना करावी. वस्ती लहान असते आणि पोलीस कोणाच्या घरी किती वेळ बसले होते, हे सर्वांनी पाहिलेले असते. जबाबावर नाव नसले तरी गल्लीला नावाचा अंदाज असतो. परतलेला माणूस काहीही करीत नाही. तो केवळ चौकात उभा राहतो, चहा मागवतो, ज्याच्यावर संशय आहे त्याच्या दुकानासमोर दुचाकी लावतो. तेवढे पुरेसे असते. सरकारने घालवले तरी मी येथेच आहे, हे वस्तीला न बोलता कळते. आदेश निघण्यापूर्वी लोकांना केवळ त्याची भीती वाटत असे. आदेश मोडून तो परतला की त्या भीतीत सरकारच्या दुबळेपणाची खात्री मिसळते. पुढल्या वेळी ठाण्याचा माणूस जबाब घेण्यास येतो तेव्हा दारे लागलेली असतात. मोडलेला तडीपारीचा आदेश हा न काढलेल्या आदेशाहून अधिक घातक ठरतो, याचा विचार प्रस्तावांच्या संख्येवर कार्यक्षमता मोजणाऱ्यांनी अवश्य करावयास हवा.

अशी खात्री साचत गेली म्हणजे काय होते, हे नागपूरने १३ ऑगस्ट २००४ रोजी पाहिले. कस्तुरबानगरच्या वस्तीला वर्षानुवर्षे छळणारा अक्कू यादव पुनःपुन्हा पकडला जाई आणि पुनःपुन्हा परत येई. खंडणी, मारहाण, स्त्रियांवरील अत्याचार यांची जंत्री वाढत होती. तक्रार करावी तर तक्रार करणाराच उद्या त्याच्या तावडीत, अशी अवस्था होती. त्याला पुन्हा जामीन मिळणार अशी वस्तीत चर्चा होती आणि त्या दुपारी जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच जमावाने त्याला ठार केले. त्या जमावात वस्तीतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या घटनेचे कौतुक करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यावर चित्रपट आणि मालिकाही आल्या. परंतु न्यायालयाच्या आवारात न्यायाधीशांच्या हाकेच्या अंतरावर कोणाला ठार मारले जाणे, हा कोणत्याही सभ्य समाजाच्या दृष्टीने विजय नव्हे. कस्तुरबानगरच्या स्त्रियांना दोष देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागेल : तो परत आला आहे, हे त्यांनी याआधी किती वेळा, कोणाकोणाला सांगितले होते?

हा प्रश्न जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाला नावच 'कंटकशोधन' असे दिले. गुपचूप उपद्रव देऊन पोट भरणाऱ्या तेरा प्रकारच्या लोकांना हद्दपार करावे किंवा दोषाच्या मानाने त्यांच्याकडून भरपाई घ्यावी, असे त्याने सांगितले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांना घालवण्याच्या आज्ञेला कौटिल्याने फारच थोडी जागा दिली. अधिक जागा दिली ती हेर गावोगाव कोणत्या वेषात फिरावेत आणि खरा दोषी कोण याची परीक्षा कशी करावी, यास. घालवण्याआधी नीट पारखणे आणि त्यासाठी गावात डोळे-कान ठेवणे ही राज्याची खरी मेहनत, हे त्या चाणाक्ष माणसाने ओळखले होते.

पारखण्याचे काम जेथे आळसाने झाले, तेथे या हत्याराने भलत्यांनाच जखमी केले. नागपूरकरांना तर याचा धडा घरातच मिळाला आहे. डॉ. नारायण भास्कर खरे हे १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान झाले, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर होते आणि १९५० मध्ये हिंदू महासभेचे अध्यक्ष होते. त्या वर्षी ३१ मार्चला दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी पूर्व पंजाब सार्वजनिक सुरक्षा कायद्याचा आधार घेऊन त्यांना दिल्लीतून तीन महिन्यांसाठी हद्दपार केले. त्यांनी नागपुरातच राहावे, असाही एक आदेश निघाला होता. तो पुढे रद्द झाला. राज्यघटना लागू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. डॉ. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी सरकारच्या बाजूने, तर दोघांनी विरुद्ध मत दिले. एका माजी प्रांतप्रमुखाला आणि एका अखिल भारतीय पक्षाच्या अध्यक्षाला जे कलम लागू होऊ शकते, ते उद्या कोणालाही लागू होऊ शकते. गुंडांसाठी केलेली तरतूद सत्तेला अडचणीच्या वाटणाऱ्या माणसापर्यंत किती सहज पोहोचते, हे त्या वेळी दिसून आले. (त्याआधी इंग्रज सरकारने स्वातंत्र्यवीर सावरकरांवर उलटी रीत वापरली होती. १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे त्यांना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्यास मनाई होती. एकाला आत कोंडावयाचे, दुसऱ्याला बाहेर काढावयाचे, पण मुळाशी भीती एकच.)

दुसरा धडाही नागपूरच्याच सचिवालयातून निघालेल्या कायद्याचा. १९४६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने गुंडांविरुद्ध खास कायदा केला. गुंड कोणाला म्हणावे याची व्याख्या त्यात इतकी सैल होती आणि आपण गुंड नाही हे सांगण्याची संधी इतकी तोकडी होती की, १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलदेव प्रसाद प्रकरणात तो कायदा घटनाबाह्य ठरवला. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नव्हे. पण सैल दोरीने बांधलेला बैल दोरीसकट पळतो, तसे झाले.

आणि हे सर्व केवळ इतिहासजमा आहे असेही नाही. अमरावतीच्या एका पत्रकाराने शासकीय निधीच्या वापराबाबत माहिती अधिकारात अर्ज केले, तक्रारी केल्या आणि त्याच्यावरच तडीपारीचा आदेश निघाला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढल्या वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, जालन्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या खंडपीठाने आणखी स्पष्ट शब्दांत समज दिली. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, त्यामुळे माणसाचे घर आणि रोजगार दोन्ही सुटतात, म्हणून अधिकाऱ्याने मन लावून विचार केल्याचे आदेशातून दिसले पाहिजे आणि कमाल मुदतीचा आदेश काढला असेल तर दोन वर्षेच का, याचे कारणही दिसले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. जुन्या, निकाली निघालेल्या गुन्ह्यांची यादी चिकटवून काढलेले आदेश न्यायालयात टिकत नाहीत, हे पोलीस दलातील जाणत्यांना माहीत आहे. तरीही सण जवळ आले, निवडणूक जाहीर झाली की प्रस्तावांचे गठ्ठे तयार होतात. गणेशोत्सवापूर्वी इतक्या जणांना तडीपार केले, अशी आकडेवारी पत्रकारांना दिली जाते. त्यांतील किती जण उत्सवात आरतीला हजर होते, याची आकडेवारी कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

खरी अडचण येथेच आहे. एका ठाण्यात मोजके शिपाई असताना चाळीस जणांना घालवायचे आणि चाळीसही जणांवर लक्ष ठेवायचे, हे होणार नाही. चौघांना घालवले तर मात्र लक्ष ठेवता येईल. ज्याचे नाव ऐकताच दुकानाचे शटर खाली येते, तो एक खरा. ज्याने दोन वर्षांपूर्वी नशेत भांडण केले आणि आता जो भाजीची हातगाडी लावतो, त्याला गठ्ठ्याचा आकडा फुगवण्यासाठी वर्ध्याला सोडून येणे हा अन्याय तर आहेच, शिवाय तो मूर्खपणाही आहे. हातगाडीवाला तिसऱ्या दिवशी परततो, कारण त्याची हातगाडी आणि लेकरे येथे आहेत. त्याला पकडण्यात ठाण्याचा दिवस जातो आणि खरा दादा तेवढ्या वेळात निर्धास्त फिरतो.

परतलेल्याचे काय करावयाचे, याचेही उत्तर कायद्यात आहे, पण ते अर्धवट वापरले जाते. कलम ६२ नुसार त्याला पकडून पुन्हा हद्दीबाहेर सोडता येते. कलम १४२ नुसार हद्दीत परतणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय ती सहा महिन्यांहून कमी देता येत नाही. तरतूद कठोर दिसते. परंतु कमाल शिक्षा तीन वर्षांच्या आत असल्याने सर्वसाधारण नियमाप्रमाणे हा गुन्हा जामीनपात्र ठरतो. परतलेला माणूस पकडला जातो, जामिनावर सुटतो आणि पुन्हा काठापलीकडे सोडला जातो. यांत त्याचे गमावले काय? वकिलाची फी आणि एक रात्र. खटला उभा राहीपर्यंत तडीपारीची मुदतच संपलेली असते. अशा वेळी न्यायालयात मूळ आदेश, तो त्याला बजावल्याची पोच, तो हद्दीत सापडल्याचा पंचनामा आणि पंचांची साक्ष, असे सगळे दुवे जोडून दाखवावे लागतात. त्यांतील एक दुवा निसटला की खटला निसटला. बजावणीच्या कागदावरील सही-शिक्का ही किरकोळ बाब वाटते, पण तडीपारांचे सगळे जगणे अशा किरकोळ बाबींच्या फटींतून चालते.

मग उपाय काय? पुणे पोलिसांनी काही वर्षांपूर्वी तडीपारांनी ठरलेल्या वेळी आपले छायाचित्र ठिकाणासह पाठवावे, अशी मोबाइल अ‍ॅपची व्यवस्था केली होती. कल्पना चतुर आहे. तथापि मोबाइल घरी ठेवून माणूस दुसरीकडे फिरू शकतो, हे कोणाही शाळकरी मुलाला कळते. शिवाय जामिनावर सुटलेल्याने आपले ठिकाण सतत पोलिसांना दाखवावे ही अट खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आहे. तो निकाल जामिनापुरता असला तरी अशा अ‍ॅपलाही कोणी आव्हान देणारच नाही असे नाही. यंत्राने मदत करावी, पण भिस्त यंत्रावर ठेवता येणार नाही.

त्यापेक्षा साधी गोष्ट अशी आहे की, ज्या ठाण्याच्या हद्दीत तडीपार राहावयास गेला, त्या ठाण्याला ते कळले पाहिजे. नागपूरने घालवलेला वर्धा, भंडारा वा छिंदवाड्यात कोणाच्या आश्रयाला आहे, कोणते काम करतो, कोणाबरोबर बसतो, याची नोंद तेथे राहिली तर त्याचे नागपुरातले येणे-जाणे आपोआप अवघड होते. आज बहुधा तसे होत नाही. अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तशी ही रीत आहे. वर्ध्याच्या नागरिकांनी नागपूरचे गुंड का म्हणून सांभाळावेत, असे तेथील कोणी विचारले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

त्याचबरोबर कायदेशीर परतीचा दरवाजाही उघडा असला पाहिजे आणि तो माणसाला दिसला पाहिजे. आई अत्यवस्थ आहे, न्यायालयात तारीख आहे, बहिणीचे लग्न आहे, अशा कारणांसाठी लेखी परवानगीने तात्पुरते परतण्याची तरतूद कायद्यात आहे. ती परवानगी वेळेत मिळेल, असा विश्वास असेल तर माणूस अर्ज करतो. अर्ज आठवडाभर टेबलावर पडून राहणार असेल, तर तो रात्रीच्या गाडीने येतो. आईच्या तिरडीला खांदा देण्यास आलेला मुलगा आणि खंडणीसाठी आलेला गुंड यांना पोलिसांच्या नोंदवहीत एकच रकाना आहे. वस्ती मात्र त्यांतला फरक बरोबर ओळखते. पहिल्याला पकडले तर वस्ती हळहळते आणि पुढे दुसऱ्याची खबर द्यायलाही कचरते. दोन वर्षांनी मुदत संपवून जो परत येतो, त्याला काम मिळाले तरच ती दोन वर्षे कारणी लागली, असे म्हणता येईल. त्याला काम देणारा कारखानदार किंवा कंत्राटदार समाजातूनच पुढे यावा लागतो. ते सरकारी आदेशाने होत नाही.

आणि समाजाकडे वळायचे, तर आधी थोडे आरशात पाहावे लागेल. शहरातील कोणत्याही चौकात उभे राहून फलकांकडे मान वर करावी. 'भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' अशा मजकुराखाली गॉगल लावलेल्या, हात जोडलेल्या चेहऱ्यांच्या रांगा दिसतील. त्या चेहऱ्यांपैकी कोण पोलिसांच्या यादीवर आहे, हे फलकावर वरच्या बाजूला छायाचित्र असलेल्या नेत्याला ठाऊक नसते, यावर कोणाचा विश्वास बसेल? उत्सवाच्या वर्गणीच्या पुस्तकावर ज्याचे नाव 'प्रमुख मार्गदर्शक' म्हणून छापले जाते, त्याला हद्दीबाहेर ठेवण्याची जबाबदारी एकट्या पोलीस शिपायावर टाकणे हास्यास्पद आहे. सर्वच पक्षांच्या झेंड्यांखाली हे चालते. यात कोणत्याही एका पक्षाला सूट देण्याचे कारण नाही. ज्यांच्याविषयी आपुलकी वाटते, त्यांना तर मुळीच नाही.

तो परत आला आहे, हे सर्वांत आधी कळते ते पानठेलेवाल्याला, मग दूधवाल्याला, मग शाळेत जाणाऱ्या मुलींना. पोलिसांना ते शेवटी कळते. ही वार्ता पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जाण्यास किती वेळ लागतो, यावर तडीपारीचे यश ठरते. एकटा माणूस ठाण्यात जाऊन सांगणार नाही आणि त्याने जावे अशी अपेक्षाही करू नये. ज्याच्या भीतीमुळेच कायद्याने गोपनीयतेची सोय केली, त्यालाच धैर्याचा उपदेश करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. मात्र एका गल्लीतील वीस घरांची माणसे मिळून गेली, मंडळाचे अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्त कर्मचारी, महिला बचत गटाच्या भगिनी अशी सारी एकत्र गेली आणि सर्वांनी एकाच अर्जावर सह्या केल्या, तर कोणा एकाचे नाव पुढे येत नाही आणि वीस घरांच्या दारांसमोर दुचाकी लावून उभे राहणे कोणालाही झेपत नाही. ज्यांची वस्त्यांमध्ये नित्य ये-जा आहे, सेवाकार्याच्या निमित्ताने ज्यांना घराघरांत पाणी विचारले जाते, त्यांनी हे एकत्र जाणे घडवून आणण्यास हरकत नाही. सावधानता एकच हवी. हा अर्ज पोलिसांकडे जावयाचा आहे, वस्तीने स्वतः न्यायनिवाडा करावयाचा नाही आणि कोणाच्या जातीपातीचा, जुन्या भांडणाचा हिशेब त्यात चुकता करावयाचा नाही. माणसाला वाळीत टाकणे हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरवलेला आहे, आणि तो योग्यच ठरवलेला आहे. घालवण्याचा अधिकार कायद्याकडे राहावा. वस्तीने फक्त तो परत आला आहे एवढेच सांगावे.

ठाण्याच्या बाजूनेही त्या अर्जाचा मान राखला गेला पाहिजे. अर्ज दिल्याच्या संध्याकाळीच, अर्ज कोणी दिला, असे त्या दादाला कळल्याची उदाहरणे वस्त्यांत सांगितली जातात. ती खरी असोत वा नसोत, लोक ती खरी मानतात. तेव्हा तडीपार परतल्याची खबर त्या ठाण्याऐवजी थेट उपायुक्तांच्या कार्यालयात देता यावी आणि त्या खबरीवर काय झाले, हे आठ दिवसांच्या आत त्या वीस घरांतील कोणा एकाला कळवले जावे. आजवर कोणाला काही कळवले गेलेले नाही. शिपाई येतात, गाडी येते, त्याला घेऊन जातात आणि गल्ली पुन्हा रात्रीच्या रेल्वेची वेळ मोजू लागते.